बिनबंदांचा झगा

हाक्दोंग,
६ जानेवारी २००३

चि. इन्सोप यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी कडाक्याची आहे, नळ दोनदा गोठला. किमचीचे रांजण बरे आहेत, माझे गुडघे बरे नाहीत. सेबोमच्या आईला डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत पडून राहायला सांगितलंय ना, मग पडून राहा म्हणावं. उठून खिडक्या पुसू नकोस म्हणावं. तिच्या आईचा गुडघा नेमका आत्ताच कापायचा होता, हे मात्र नवल आहे, म्हणून तर तुला सेबोमला ठेवायला ताई आठवली.

तुझं पत्र आणि पार्सल पोचलं. फोन करत जाऊ नकोस. चाळीस वर्षं गिरणीत काढून माझ्या कानांचं काय झालंय ते तुला माहीत आहे. तू तिकडून काहीतरी बोलतोस, मी इकडून "हो हो" म्हणते, आणि मग दोघंही एकमेकांना मूर्ख समजतो. लिहिलेलं बरं.

तर पार्सल. मी ते स्वयंपाकघरात उघडलं आणि बराच वेळ हसले. पिवळ्या चिकटपट्टीचं एक रीळ, चौदा नियमांचा छापील कागद, खाली तुमच्या कंपनीचा शिक्का, आणि चाळीस चिकटचित्रं. पिवळी टोपी घातलेलं कुत्र्याचं पिल्लू, एक पंजा वर करून उभं. खाली लिहिलंय, "थांब! पुढे धोका आहे!" इन्सोप, तुझी पोरगी पाच वर्षांची आहे. तिला अजून वाचता येत नाही. मग हे वाचायचं कुणी, पिल्लाने?

एवढ्या मोठ्या कारखान्यात तू सुरक्षा विभागाचा साहेब आहेस, म्हणून विचारते. तुमच्याकडे माणसं वाचतात ती असल्या चित्रांमुळे वाचतात का? का वाचली की तुम्ही चित्रं लावता?

नियम तीन: बालकांना यंत्राच्या कार्यक्षेत्रात प्रवेश देऊ नये. अरे, माझी गिरणी म्हणजे एक खोली. कार्यक्षेत्र तीच, बसायची जागा तीच, जेवायची जागाही तीच. तू तिथेच वाढलास आणि आता मलाच कार्यक्षेत्र शिकवतोस. नियम सात तर मी शेजारणीला वाचून दाखवला: एका जबाबदार प्रौढ व्यक्तीने बालकावर सतत लक्ष ठेवावे. एक फेब्रुवारीच्या आपल्या चांद्र नववर्षाआधीच्या दहा दिवसांत? तेव्हा इथे काय चालतं ते विसरलास वाटतं. पहाटेपासून भिजवलेल्या तांदळाच्या पराती दारापासून रस्त्यापर्यंत रांगेत. प्रत्येक परातीमागे एक बाई, आणि त्या बाईचे दोन्ही डोळे परातीवर. माझे तांदूळ दुसरीच्या तांदळात मिसळले तर? पिल्नामने मूठभर मागे ठेवले तर? सणाच्या सुपात घालायच्या, वाफवलेल्या तांदळाच्या लांब कांड्या सगळ्या गावाच्या माझ्याच यंत्रातून पडतात, त्याच सगळे खातात, आणि तरी एकीचाही माझ्यावर विश्वास नाही. तिथे प्रौढ व्यक्ती पुष्कळ असतात. जबाबदार म्हणशील तर सगळ्या जणी आपापल्या तांदळाच्या.

तरी तुझ्या समाधानासाठी पट्टी जमिनीवर चिकटवली, पिल्लंही लावली. कांड्या पाडायच्या यंत्रावर, वरच्या तोंडाशी, एक चांगलं मोठं पिल्लू लावलंय. आता धोका नक्कीच पळून जाईल.

चौदाव्या नियमाखाली तू पेनाने लिहिलंयस, "ताई, तिला बांधू नकोस." हे छापायचं का राहिलं? शिक्क्यावर मावलं नाही?

होय, बांधलं होतं तुला. खांबाला, पाठीवर पोर बांधायच्या दुपट्याच्या पट्ट्याने. तुला आठवतं, दर दोन-तीन महिन्यांनी मी पट्टा आखूड करायचे, आणि तू रडलास की वळूनही बघायचे नाही. तुझ्या लग्नात हे तू सगळ्या पाहुण्यांना हसत हसत सांगितलंस. सेबोमची आई तेव्हापासून माझ्याकडे, मी चावेन की काय, अशा नजरेने बघते. आणि मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला मी पाठवलेल्या झग्याला बंद नव्हते, बटणं होती, हेही ती अजून विसरलेली नाही. नणंदेने बंदांचं रेशीम वाचवलं, असं तिने तुझ्या सासूला सांगितलं. सासूने ते कुणाला सांगितलं कोण जाणे, पण फिरत फिरत इथल्या बाजारातल्या मासळीवालीपर्यंत आलं.

असो. कारणं विचारू नकोस. पोरगी पाठव. पंचवीस तारखेला बसवर घ्यायला येईन. मी तिला खांबाला बांधणार नाही, भिऊ नकोस. तिला शिंगं नाहीत, एवढं मला दिसतं.

सेबोमच्या आईला आंबटगोड आवडत असेल तर खजुराचा काढा पाठवते. तांब्याच्या नाही, मातीच्या भांड्यात गरम करा.

तुझी,
ताई


हाक्दोंग,
१९ जानेवारी २००३, रविवार

चि. इन्सोप,
आशीर्वाद. नळाला पाणी आलं.

तुझ्या चार ओळी मिळाल्या. "तीन-चार वर्षं मला खांबाला का बांधलंस, याचं एक खरं कारण दे. नाहीतर पोरगी मी रस्त्यावरच्या कुणाकडेही ठेवीन, पण तुझ्याकडे नाही." पहिल्यांदाच तू साहेबासारखं न लिहिता माणसासारखं लिहिलंस. ते वाचून मी पत्र डब्यात टाकलं आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. आज उत्तर देते आहे, त्याला कारण तुझं पिल्लू.

काल शनिवार. गर्दी सुरू झाली आहे. नामपोची म्हातारी आली होती. तीच ती, वाण्याच्या मागे राहते, तोंडाळ. बरोबर नात, चार-साडेचार वर्षांची, गळ्यात गुडघ्यापर्यंत लोंबणारा लाल मफलर. म्हातारीने पोरीला परातीपाशी उभी केली. "इथून हलायचं नाही हं. आपले तांदूळ बघत राहायचं. ही गिरणीवाली लबाड आहे." हे माझ्यासमोर. मी वाफवलेले तांदूळ यंत्रात लोटत होते. वाफेने समोरचं माणूस दिसत नव्हतं.

पोरगी हलली. तुझी पिवळी पट्टी तिला फार आवडली. एकापुढे एक पाऊल टाकत, हात पसरून, डोंबाऱ्याच्या पोरीसारखी ती पट्टीवरून चालत आली. पट्टी तिला कुठे घेऊन आली? यंत्राशी. कारण पट्टी मी यंत्राभोवती लावली होती, तुझ्या कागदावरच्या आकृतीप्रमाणे, एक मीटर अंतर मोजून. तिथे तिला तुझं पिल्लू दिसलं. ती तिथल्या रिकाम्या पाटीवर चढली आणि पिल्लाचा कान नखाने सोलायला लागली. मफलरचं टोक वरच्या तोंडात तांदळावर पडलं.

मी पाहिलं ते टोक. पोरीला नाही पाहिलं. पांढऱ्या भातात लाल काहीतरी आत जाताना दिसलं आणि माझा हात आपोआप बटणावर गेला. तेवढ्यात दोन वीत मफलर आत गेला होता. पोरगी चवड्यांवर आली होती, यंत्राच्या कडेला गाल टेकलेला. कांड्या कापायची कात्री माझ्या कमरेला असतेच. मफलर कापला. मानेवर लाल वळ उठला, बाकी काही नाही. पोरगी रडत होती. का, विचार. पिल्लाचा कान फाटला म्हणून.

आता ऐक, माणसं काय म्हणाली.

"अगं बये, बंद काय केलंस! माझे अर्धे तांदूळ आतच अडकले!" ही नामपोची म्हातारी.

"तुमची नात अडकत होती."

"ती दिसतीये ना इथे, चांगली भोकाड पसरतीये! आणि मफलर कापलास? माझ्या सुनेने हाताने विणलेला!"

"सुनेला सांगा, गळा जागेवर आहे, दुसरा विणेल."

"सणाच्या तोंडावर असलं अभद्र बोलतेस? जीभ आहे का सुरी!"

मागून दुसरी कुणीतरी म्हणाली, "आता तांदूळ थंड होणार. कांड्या तुटणार बघा." तिसरीने आपली परात पायाने पुढे सरकवली. आठ बायका होत्या. त्यातल्या एकीनेही पोरीला उचललं नाही. मीच उचललं. मानेवरचा वळ चोळून दिला, तेव्हा ती रडायची थांबली.

सगळ्यांना पराती घेऊन घरी जा म्हणून सांगितलं आणि यंत्रावरची सगळी पिल्लं खरवडून काढली. चाळीसच्या चाळीस. एक फार चिवट होतं, त्याचा पंजा अजून आहे.

आता तुझं कारण.

तुला एक बहीण होती हे तुला माहीत आहे. तुला सांगितलंय की कोन्निम गोवराने गेली. मला गोवराचा एकही डाग आठवत नाही, कारण गोवर नव्हताच. तू दोन वर्षांचाही नव्हतास, आईच्या पाठीवर होतास. मी अकरा वर्षांची, ती पाच. नववर्षाच्या आदला दिवस.

तेव्हा विजेची मोटार नव्हती. इंजिन भिंतीपलीकडे अंगणात, आणि भिंतीतल्या भोकातून यंत्र फिरवणारा पट्टा आत यायचा. हाताच्या पंजाएवढा रुंद, अख्ख्या खोलीभर लांब, पोरांच्या छातीच्या उंचीवर. जाळी नाही, फळी नाही, काही नाही. गावातल्या प्रत्येक पोराला त्याच्या खालून वाकून पळता यायचं. सगळे त्याला हुशारी म्हणायचे.

आईने कोन्निमला सणाचा झगा शिवला होता. बाह्यांवर सात रंगांच्या पट्ट्या, छातीवर लांब रेशमी बंद. तो घालायचा नववर्षाच्या सकाळी, त्याआधी नाही, तोवर पेटीत. मी मागच्या खोलीत कांड्या कापत होते, ढिगाने. कोन्निम तासभर मागे लागली होती. "ताई, नुसता एकदा. नुसता घालून बघते. मग परत घडी करून ठेवते, तुझ्या गळ्याची शप्पथ." मला वैताग आला होता. मी म्हटलं, "घाल आणि गप्प बस एकदाची."

तिला बंदांची गाठ येत नव्हती. मीच बांधली. आणि मी बंद लांब सोडले, इन्सोप. थोडे नाहीत, चांगले गुडघ्यापर्यंत. शहरातल्या मुलींचे असे लांब असतात, असं मी कुठल्यातरी दिनदर्शिकेवर पाहिलं होतं.

ती पळत गिरणीत गेली, आईला दाखवायला. मी दारातून बघत होते. एक बाई म्हणाली, "अगं बाई, कुणाची ही बाहुली?" दुसरी म्हणाली, "फिर बघू, फिर." आणि बघून झाल्यावर दोघी पुन्हा आपापल्या परातीकडे वळल्या. वीस बायका होत्या. कोन्निम फिरत होती, कारण तिला फिर म्हणून सांगितलं होतं आणि कुणी थांब म्हणून सांगितलं नव्हतं.

पट्ट्याने बंद पकडला. अप्पांना इंजिन बंद करायला धावत बाहेर, भिंतीला वळसा घालून जावं लागलं. एवढंच लिहिते. तू अशा घटनांचे अहवाल लिहितोस, तुला कळेल.

त्याच दिवशी चार वाजता इंजिन पुन्हा सुरू झालं. पट्टा धुतला आणि सुरू केला. लोकांचे तांदूळ वाफवलेले होते ना! दुसऱ्या दिवशी सकाळी वीस घरांनी त्या कांड्यांचं सूप खाल्लं, म्हाताऱ्यांना नमस्कार केले, पोरांना चांगलं मोठं हो म्हणून आशीर्वाद दिले. मग गाव बसून कारण शोधायला लागलं. शोधलंही. सणाआधी नवा झगा घातला, म्हणून असं झालं! अपशकुन केला आईने. तिला एवढी कसली घाई होती मिरवायची? पट्ट्याचं नाव एकाने घेतलं नाही. पट्ट्याचं नाव घेतलं असतं तर गिरणी बंद करावी लागली असती, आणि पुढच्या सणाला कांड्या कोण पाडणार? अप्पांनी वरच्या सरकारी लोकांना गोवर सांगितला, गावाने माना डोलावल्या. आईने घरातले सगळे नवे कपडे अंगणात जाळले. पट्टा तसाच फिरत राहिला. नऊ वर्षं. त्याला पहिली जाळी बसवली ती मी, वीस वर्षांची झाल्यावर, आणि अप्पा म्हणाले, हवा अडते, इंजिन तापतं.

मी या माणसांमध्ये जन्म काढला. त्यांच्या तांदळाला हात लावताना मला रोज शिसारी येते, आणि त्यांच्यापेक्षा जास्त माझी येते. कारण गाव आईला बोललं, आणि मी बोलू दिलं. झगा मी घालू दिला आणि बंद मी बांधले, असं मी कधीच सांगितलं नाही. आईला माहीत होतं. मी डावखुरी, माझी गाठ उलटी पडते. कोन्निम फिरत होती तेव्हा आईने गाठ पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मग सगळं झालं. त्यानंतर चौतीस वर्षं ती जगली, सासरच्या प्रत्येक कार्यात "हीच ती, अपशकुनी" हे ऐकत राहिली, आणि मरेपर्यंत माझं नाव घेतलं नाही. तिच्या प्रेताजवळ बसून सांगायचं ठरवलं होतं. तेव्हा तू आलास, आणि मी सूप वाढायला उठले.

तू पाठीवरून उतरून चालायला लागलास तेव्हा मी तुला बांधलं. खांबापासून पट्ट्यापर्यंतचं अंतर मी पावलांनी मोजलं होतं. तू अंग ताणून, हात लांब करून पडलास तरी तुझी बोटं चार विती अलीकडे राहिली पाहिजेत, असा मी दुपट्याचा पट्टा बांधायचे. पण तू वाढायचास. दर दोन-तीन महिन्यांनी बोटभर, दोन बोटं. तू वाढायचास, म्हणून मी आखूड करायचे. बायका हसायच्या. "काय गं पिल्नाम, वासरू बांधलंयस का? चारा घालतेस ना वेळेवर?" तू रडायचास आणि मी वळून बघायचे नाही, कारण बघितलं असतं तर सोडलं असतं. तू शाळेत गेलास त्या दिवशी सोडलं.

माझ्याजवळ दुसरं कारण नाही.

आता तू काय करायचं ते सांगते. चौदा नियम नाहीत. सेबोमला इकडे आणू नकोस. इथे माझे दोनच डोळे, ते काल एका मफलरवर पडले ते नशिबाने. दुसऱ्यांदा नशीब लावायची माझी हिंमत नाही. मीच येते. चोवीस तारखेला गिरणीला कुलूप लावते, पंचवीसच्या बसने सोलला पोचते, नववर्ष होईपर्यंत तिच्याजवळ राहते. माझ्यासाठी भाजी ठेवू नका, मी आणीन.

आज सकाळी दारावर पाटी लावली. नामपोची म्हातारी परात घेऊन आली होती. म्हणाली, "बापजन्मात सणाला ही गिरणी बंद राहिली नाही गं. सदतीस वर्षं येतेय मी."

म्हटलं, "हो. एकदा राहायला हवी होती."

त्या वीस बायकांत ती होती. "फिर बघू" म्हणणारी तीच. परात उचलून चालू लागली, आणि कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली बराच वेळ. काय विचार करत होती कुणास ठाऊक. मी दार लावून घेतलं.

सेबोमसाठी सणाचा झगा शिवला आहे. बाह्यांवर सात पट्ट्या आहेत, रेशीम चांगलं आहे, तुझ्या बायकोने बोट लावून बघावं. छातीवर तीन चपटी बटणं. कापड वाचवलेलं नाही असं तिला सांग. किंवा राहू दे, हे पत्रच वाचायला दे. आणि पोरीला तो नववर्षाची वाट न बघता, मी आले त्याच दिवशी घालू दे. घालून तिला घरभर हवं तेवढं फिरू दे. मी बघत बसेन.

तुझी आणि कोन्निमची ताई,
पिल्नाम